खुलन्याचा चिखल, चांद्याची बर्डी

चामोर्शीकडून मुलचेऱ्याच्या दिशेने निघालं की गावांची नावं मध्येच सूर बदलतात. घोट, लगाम ही नावं इथल्या ओढ्यानाल्यांइतकी जुनी वाटतात, कुणी ठेवली हे विचारावंसं वाटत नाही. मग एकाएकी विवेकानंदपूर, सुंदरनगर, गांधीनगर, देशबंधुग्राम. चिंचेवरून, नाल्यावरून, देवावरून पडलेली ही नावं नाहीत. बैठकीत ठरवून कागदावर लिहिलेली नावं आहेत. देशबंधू म्हणजे चित्तरंजन दास. त्यांच्या नावाचं गाव गडचिरोलीच्या जंगलात का, हा प्रश्न एसटीतल्या कुणालाच पडत नाही, इतकं ते आता अंगवळणी पडलं आहे. आरमोरीकडे शंकरनगर आहे, पलीकडे अर्जुनी-मोरगावच्या बाजूला अरुणनगर, गौरनगर. चंद्रपूर शहरात तर मूल रोडवरच्या एका वस्तीचं नावच ‘बंगाली कॅम्प’. तंबू केव्हाच गेले, कॅम्प राहिला.

या गावांतल्या आजोबांची गोष्ट सांगायची आहे. हा आजा कोणी एक माणूस नाही. खुलना, बारिसाल, फरीदपूर, जेसोर या जिल्ह्यांतून निघालेली आणि चांदा (आताचं चंद्रपूर) जिल्ह्यात येऊन थांबलेली ती एक पिढी आहे. बहुतेक नमःशूद्र या दलित समाजातली. भात पिकवणारी, मासे धरणारी, नाव वल्हवणारी माणसं. त्यांच्या मागोमाग इथेच जन्मलेला बाप आणि आता मोबाइलवर अर्ज भरणारा नातू. आपल्याकडे फाळणी म्हटलं की पंजाब आठवतो, फार तर उल्हासनगरचे सिंधी आठवतात. झाडीपट्टीच्या पोटात फाळणीची एक शाखा आहे, हे विदर्भाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. विदर्भातही ‘बंगाली’ म्हटलं की भाजीवाला, मासेवाला, नाहीतर मूळव्याधीची पाटी लावलेला ‘बंगाली डॉक्टर’. तो डॉक्टर बहुधा थेट पश्चिम बंगालातून आलेला असतो आणि त्याचा या गावांशी काही संबंध नसतो. पण नावाची उधारी यांच्याच खात्यावर चढते.

आजाच्या आयुष्यातली पहिली तारीख १७ ऑगस्ट १९४७. खुलना जिल्ह्यात हिंदूंची संख्या थोडी जास्त होती, म्हणून तात्पुरत्या आखणीत तो भारताकडे होता. १५ ऑगस्टला खुलन्यात तिरंगा लागला. दोन दिवसांनी रॅडक्लिफचा निवाडा जाहीर झाला. त्यात खुलना पाकिस्तानात आणि मुर्शिदाबाद भारतात. घर तेच, खाडी तीच, भाताचं शेत तेच, देश मात्र बदलला. सगळेच काही लगेच उठून निघाले नाहीत. वरच्या जातीचे, कलकत्त्यात कुणी नातेवाईक असलेले, नोकरी-वकिली करणारे आधी गेले. शेतकऱ्याला शेत गुंडाळून नेता येत नाही. शिवाय नमःशूद्रांचे नेते जोगेंद्रनाथ मंडल हे तर पाकिस्तानच्या पहिल्या मंत्रिमंडळात कायदामंत्री होते. आपला माणूस कराचीत बसला आहे, मग भ्यायचं कशाला, असा एक धीर होता.

मराठी वाचकाला जोगेंद्रनाथ माहीत असायला हवेत. १९४६ साली घटना समितीची निवडणूक प्रांतांच्या कायदेमंडळांतून झाली, तेव्हा मुंबईतून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वाट नव्हती. ती बंगालने दिली. जोगेंद्रनाथांनी आणि त्यांच्या साथीदारांनी खटपट करून, मतं जुळवून बाबासाहेबांना बंगालमधून निवडून आणलं. फाळणी झाली आणि ती जागा गेली. मग जुलै १९४७ मध्ये बॅ. जयकरांच्या रिकाम्या जागेवर बाबासाहेब मुंबईतून पुन्हा समितीत आले. एवढी गोष्ट आपल्याकडच्या चरित्रांत एखाद्या परिच्छेदात उरकते. पण बाबासाहेबांना घटना समितीत पाठवणाऱ्या बंगालच्या त्याच दलित समाजातली हजारो कुटुंबं पुढे महाराष्ट्रात राहायला आली, इथले मतदार झाली. तेव्हा त्यांच्याशी आपण कसे वागलो, हा त्या परिच्छेदाचा उरलेला भाग आहे.

पूर्व पाकिस्तानातल्या १९५० च्या दंग्यांनंतर जोगेंद्रनाथांचाही धीर सुटला. त्या ऑक्टोबरात ते भारतात आले आणि पाकिस्तानच्या पंतप्रधानांना लांबलचक राजीनामा पाठवला. पण सामान्य माणसाचं भारतात यायचं गणित सोपं नव्हतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नेहरू-लियाकत करार झाला होता. पूर्वेकडून आलेले लोक दंगे शमले की परत जातील, असं त्या करारामागे गृहीत होतं. पश्चिमेकडून आलेल्या पंजाबी-सिंधी निर्वासितांना मागे राहिलेल्या मालमत्तेबद्दल भरपाई मिळाली, १९५४ साली त्यासाठी खास कायदा झाला. पूर्वेकडून आलेल्यांसाठी असा कायदा झाला नाही. त्यांना रोकड भत्ता, शिधा आणि वाट बघणं मिळालं. निर्वासित तोच, फाळणीही तीच, पण सरकारी वहीत दोन रकाने.

आजा निघाला तो बहुधा १९६४ मध्ये. त्याचं कारण घडलं काश्मिरात. २७ डिसेंबर १९६३ ला श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातला पैगंबरांचा पवित्र केस नाहीसा झाला. तो ४ जानेवारीला सापडला. तोवर दोन हजार किलोमीटर दूरच्या खुलन्यात दंगल पेटली होती. तिथून ती कलकत्त्यात गेली आणि कलकत्त्यातून उलटून ढाका-नारायणगंजमध्ये. खुलन्यातल्या कुळवाड्याने श्रीनगर कधी पाहिलं नव्हतं. पण घर त्याचं जळलं.

सीमा ओलांडताना हातात पडायची ती ‘बॉर्डर स्लिप’. कुटुंबप्रमुखाचं नाव, सोबत माणसं किती, कुठून आले, कधी आले. वीतभर कागद. या घरांत तो सातबाऱ्याच्याही वरच्या मानाने जपला जातो, कारण बाकीची सगळी कागदपत्रं त्याच्या पोटातून जन्माला आली. नियमच असा होता की १ जानेवारी १९६४ नंतर आलेल्याला सरकारी पुनर्वसन हवं असेल, तर पश्चिम बंगालमध्ये थांबता येणार नाही. पश्चिम बंगाल भरला, पुढे चला. पुढे म्हणजे कुठे, ते गाडीत बसल्यावर कळायचं.

गाडी जायची ती रायपूरजवळच्या माना कॅम्पला. दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीच्या आसपास तंबू आणि बराकी उभ्या केल्या होत्या. आज रायपूरला विमानाने जाणारा माणूस उतरतो तो याच मानाला, आणि बाहेर पडून टॅक्सी शोधू लागतो. ज्यांनी आयुष्यभर पाण्यात पाय ठेवून काम केलं त्यांना छत्तीसगडच्या मे महिन्यात कापडाखाली ठेवलं होतं. रांगेत बसून शिधा घ्यायचा, भत्त्यासाठी नाव पुकारलं की हात वर करायचा, आणि कुठे पाठवणार याची वाट पाहायची.

दंडकारण्य प्रकल्प १९५८ साली सुरू झाला होता. त्याच्या अधिकृत नकाशात ओडिशातले कोरापुट व कलाहंडी आणि मध्य प्रदेशातला बस्तर एवढंच होतं. १९६४ चा लोंढा त्यात मावेना. मग बाहेरची ठिकाणं निघाली. मध्य प्रदेशात बेतूल, तेव्हाच्या आंध्रात कागजनगरजवळचं ईसगाव, आजच्या कर्नाटकातलं सिंधनूर आणि महाराष्ट्रात चांदा. चांदा तेव्हा केवढा जिल्हा! आजची गडचिरोली त्यातच होती, ती २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळी झाली. राजुऱ्याच्या पलीकडे आंध्र, पूर्वेला बस्तर, मध्ये वैनगंगा, आणि कागदावर भरपूर ‘पडीक’ जंगल.

त्या पडीक शब्दाबद्दल इथेच थांबलं पाहिजे. ते जंगल पडीक नव्हतं. गोंड-माडियांची मोहफुलं तिथे पडत होती, तेंदू, चारोळी, डिंक तिथूनच यायचा, गुरं तिथेच चरायची. मध्य प्रांताच्या काळापासून गावाला त्यावर निस्ताराचा हक्क होता. झाडं तोडून, खुंट उपटून जागा सपाट केली आणि ती बंगाल्याला दिली, तेव्हा शेजारच्या गोंडाला कुणी विचारलं नाही. बंगाल्यालाही विचारलं नव्हतं. पुढे जमिनीवरून दोघांत जी कुरबूर झाली, आजही होते, तिच्यात आजाला घुसखोर म्हणणं सोपं आणि आदिवासीला आडमुठा म्हणणं त्याहून सोपं. माझ्या मते खरा पक्षकार तिसराच आहे, आणि तो कधी बांधावर येत नाही.

कुटुंबामागे पाचेक एकर जमीन, घराला जागा, बैलजोडी-अवजारांसाठी कर्ज. कागदावर वाईट नाही. पण जमीन कोणती? झाडीतल्या माणसाला जमिनीच्या जाती पाठ असतात. कन्हार सगळ्यात सरस, मग मोरांड, मग सिहार, आणि उंचावरची खडेमिश्रित बर्डी सगळ्यात शेवटी. चांगल्या बांध्या आणि मामा (माजी मालगुजारी) तलावाखालची ओलिताची जमीन पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या ना कुणाच्या ताब्यात होतीच. नव्याने उघडलेल्या जंगलात उरली होती ती बहुतांशी उरलेलीच. दंडकारण्य प्राधिकरणाचे अध्यक्ष राहिलेल्या शैबालकुमार गुप्तांनी पद सोडल्यावर १९६५ मध्ये ‘इकॉनॉमिक वीकली’त तिकडच्या वसाहतींची परखड चिकित्सा केली. जमिनीचा कस, पाण्याची सोय, पोटापुरतं पिकेल की नाही, हेच प्रश्न त्यांनी काढले. ते लिहीत होते दंडकारण्याबद्दल, पण वैनगंगेच्या अलीकडेही प्रश्न तेच होते.

खुलन्यातल्या शेतकऱ्याची अडचण पाण्याच्या अतिरेकाची. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालायचा आणि पुरातून उरलेल्या गाळात रोप लावायचं. इथे उलट. पाऊस भरपूर, पण चार महिन्यांत येऊन निघून जाणारा. तो अडवण्यासाठी बांध घालायचा, बोडी खोदायची आणि रोवणा लांबला तर आभाळाकडे बघायचं. बांध दोन्हीकडे होता, त्याचं काम मात्र उलटं झालं होतं. पऱ्हे टाकणं, रोवणा करणं आजाला कुणी शिकवायची गरज नव्हती. फक्त मजुरांत गोंडी-मराठी बोलणारी माणसं होती आणि गाणी वेगळी होती.

एक झाड मात्र त्याच्या ओळखीचं निघालं. नाल्याकाठी उभी असलेली शिंदी. आपल्याकडे शिंदी म्हणजे ताडी-माडीच्या कुळातली, रस आंबवून प्यायची. त्याच झाडाच्या रसाचा खुलना-जेसोरकडे गूळ होतो, आणि जेसोरचा खजुरी गूळ तर नावाजलेला. काम नाजूक असतं. थंडी पडली की झाडाच्या शेंड्याखालचा एका बाजूचा भाग तासून पांढरा करायचा, त्याला बांबूची बारीक पन्हळ ठोकायची आणि खाली मडकं टांगायचं. रस रात्री पाझरतो. तो उजाडण्यापूर्वी उतरवावा लागतो, कारण ऊन लागलं की आंबायला सुरुवात. सकाळी गोड, दुपारपर्यंत शिंदी. उतरवलेला रस पसरट कढईत मंद जाळावर आटवत बसायचं, उकळी वर आली की झाऱ्याने खाली बसवायची, रंग लाल होत जातो आणि वास अंगणभर सुटतो. पौष संक्रांतीला त्या गुळाचे ‘पिठे’ हे गोड पदार्थ होतात. आपण तिळगूळ वाटतो त्याच दिवशी. ज्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तिथे शिंदीच्या झाडाचा हा दुसरा उपयोग आधीच ठाऊक असलेली माणसं राहतात, याची मला गंमत वाटते.

वाघाचीही ओळख जुनीच होती. सुंदरबनाच्या काठच्या माणसाने जंगलात शिरताना वनदेवी बोनबीबीचं नाव घ्यायचं, ही तिकडची रीत. इथे गोंडांच्या शिवेवर शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड. नवख्या माणसाला इथलं जंगल भयंकर वाटलं असेल, पण निदान त्यातला मालक अनोळखी नव्हता.

काहींनी मात्र हे सगळं मान्य केलं नाही. १९७७ मध्ये पश्चिम बंगालात डावी आघाडी आली. विरोधात असताना याच पक्षांनी निर्वासितांना बंगालमध्येच वसवा म्हणून आवाज उठवला होता. १९७८ मध्ये दंडकारण्यातल्या वसाहतींतून हजारो कुटुंबं घरं-जमिनी सोडून निघाली आणि त्यांतली बरीच सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर पोहोचली. तिथे त्यांनी शाळा काढली, बांध घातला, विहिरी खोदल्या. जानेवारी १९७९ मध्ये सरकारने बेटाची नाकेबंदी केली, गोळीबार झाला, आणि मे महिन्यात झोपड्या जाळून उरलेल्यांना परत पाठवलं. किती मेले याचा हिशेब आजही भांडणाचाच आहे. चांद्याकडे त्या बातम्या पोहोचल्या तेव्हा इथल्या आजाने जे ठरवलं असेल ते त्याच्या पुढच्या वागण्यातून दिसतं. त्याने पक्कं घर बांधलं.

आजाच्या घरात बांगला होती, तीही कलकत्त्याची नव्हे, खुलना-बारिसालच्या खेड्यातली. बाप जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकला. शिवरायांचा इतिहास त्याने मराठीतून पाठ केला, आणि घरी येऊन ठाकुरदांना म्हणजे आजोबांना बांगलात सांगितला. दुर्गापूजा, कालीपूजा, सरस्वतीपूजा आजाने सोबत आणली होतीच. त्याहून महत्त्वाचा म्हणजे मतुआ पंथ. हरिचंद ठाकूर (१८१२–१८७८) हे फरीदपूरकडच्या ओराकांदीचे, म्हणजे महात्मा फुल्यांच्या आधी पंधरा वर्षं जन्मलेले. त्यांचा मुलगा गुरुचंद याने शाळा काढायचा सपाटा लावला. ‘चांडाल’ हे हिणवणारं नाव जनगणनेतून जाऊन ‘नमःशूद्र’ आलं, ते १९११ मध्ये. मोठा डंका वाजवत, लाल निशाण घेऊन, हरिबोलचा गजर करत निघालेली मतुआंची मिरवणूक पाहिली की आपल्याकडचा माणूस पटकन वारकऱ्यांची आठवण काढतो. ती तेवढी बरोबर नाही. हा पंथ भक्तीपेक्षा शाळेच्या घंटेवर जास्त उभा आहे.

बापाची अडचण शाळा संपल्यावर सुरू झाली. नमःशूद्र पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. घटनेच्या ३४१ व्या कलमाप्रमाणे यादी राज्यागणिक ठरते. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा पक्का केला, तोही मुंबईच्याच एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या खटल्यात. आंध्रातून लहानपणी मुंबईत आलेल्या विद्यार्थ्याला तिकडच्या जमातीचा दाखला इथे चालणार नाही, असा निकाल. स्वखुशीने एका राज्यातून दुसऱ्यात गेलेल्याबद्दल तो युक्तिवाद समजू शकतो. पण इथे आजाने राज्य निवडलं नव्हतं. सरकारने त्याला गाडीत बसवून आणलं, आणि उतरवताना त्याची जात स्टेशनवर ठेवून घेतली. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात तो खुल्या प्रवर्गात गेला.

जमिनीचंही तसंच. मिळालेल्या जमिनी भोगवटादार वर्ग दोनच्या. कसायच्या, पण विकताना, बँकेत गहाण ठेवताना परवानगी. वर्ग एक करून द्या ही मागणी या गावांत इतकी वर्षं चालली आहे की ती मागणाऱ्यांची दुसरी पिढी म्हातारी झाली. वाढत्या कुटुंबाने लगतचं जंगल साफ करून शेती वाढवली, त्यासाठी २००६ च्या वनहक्क कायद्याकडे पाहिलं, तर तिथे नवीनच भिंत. आदिवासी नसलेल्या दावेदाराने १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, त्या वनात राहिल्याचा पुरावा द्यावा. सोपं गणित आहे, १९३० पासूनचा. कायद्याचा हेतू आदिवासींना आणि जंगलातल्या जुन्या रहिवाशांना न्याय देण्याचा होता, आणि तो योग्यच होता. फक्त सरकारनेच जंगलात आणून वसवलेल्या माणसाला त्यात जागा निघत नाही.

नागरिकत्वाचंही एक कोडं आहे. १९६६ साली इथल्या तंबूत जन्मलेला बाप जन्मानेच भारतीय, कारण १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्याला तो हक्क होता. आजा मात्र कागदाने भारतीय, ज्याने नोंदणी करून घेतली तो. २००३ च्या दुरुस्तीने ‘बेकायदा स्थलांतरित’ हा शब्द कायद्यात पक्का बसला, आणि मागाहून आलेल्या, नोंद राहून गेलेल्या घरांत धाकधूक सुरू झाली. २०१९ चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा आला, त्याचे नियम ११ मार्च २०२४ ला निघाले. त्याच्या राजकारणावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहून झालं आहे. अर्ज भरायचा म्हणजे आपण आजवर परके होतो असं स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं, ही या गावांतली शंका मात्र त्या लिखाणात क्वचित सापडते.

आता नातू. तो झाडीबोलीत मित्रांशी भांडतो, आईशी बांगलात बोलतो, नागपूरला स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. आठवडी बाजारात त्याच्या घरची वांगी, दोडकी, रोहू-कटला येतात आणि मराठी-गोंड गिऱ्हाईक भाव करतं. बंगाली कॅम्पात दुर्गापूजेला शहरभरचे लोक जातात. या सगळ्यात कुठे काही अडत नाही. अडतं ते सेतू केंद्रात. उद्या नमःशूद्र महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत आले, तरी जातीच्या दाखल्यासाठी पूर्वज कुठे राहत होता याचा पुरावा लागेल तो १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, आणि तोही महाराष्ट्रातला. त्या दिवशी नातवाचे ठाकुरदा खुलन्यात होते, जोगेंद्रनाथ मंडल कराचीत अजून कायदामंत्री होते, आणि बंगाली श्रावणातल्या त्या आठवड्यात तिकडे आमनाच्या भाताचा रोवणा चालू होता. तसा पुरावा काढायचा तर तो बांगलादेशातल्या कुठल्यातरी भूमी कार्यालयात सापडेल, आणि महाराष्ट्राचा नसल्यामुळे चालणार नाही.